चिप्स काळे, वांगं काळं, तुळशीची पानं तपकिरी: काहून होतं अन् कुठं काय करायचं

मार्च-एप्रिल लागला की दरवर्षी तोच प्रश्न येतो, आलूचे चिप्स काळे पडून राहिले, काय टाकू. अन् उत्तरं पण दरवर्षी तीच, लिंबू पिळा, तुरटी फिरवा, मीठ टाका. कोणाले फरक पडते, कोणाले काहीच नाही, मंग ती बाई म्हणते लिंबाचं सगळं खोटं आहे. खोटं नाही, पण आलू चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी काळा पडतो अन् लिंबू त्यातल्या दोनांवरच चालतं. म्हणून आमच्या बचत गटात कोणी आलं की मी आधी एकच विचारते, काळं कधी पडलं? कापल्यावर लगेच, उकडून थंड झाल्यावर, वाळताना, का तळताना? हे कळलं की अर्धं काम झालं. झाडाचं पण तसंच, ते खाली लिहिते.

कापल्या कापल्या काळं पडतं

आलू, वांगं, सफरचंद, पेरू, केळ, सुरण, हे सगळे यात येतात. फळभाजीच्या पेशीत एक एंझाइम असतं, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं, त्याच्या पोटात तांबं असतं. अन् त्याच पेशीत दुसऱ्या कप्प्यात फेनॉल नावाची द्रव्यं असतात. दोघं वेगवेगळे राहतात तोवर काहीच होत नाही. पावशी (विळी) चालली, पेशी फाटली, दोघांची गाठ पडली अन् वरून हवेतला ऑक्सिजन लागला की फेनॉलचे क्विनोन होतात अन् ते एकमेकाले जुळत जुळत तपकिरी-काळा रंग होते, मेलॅनिन, आपल्या केसात अन् कातडीत असते त्याच कुळातला. आलूत हा रंग आधी गुलाबीसर येतो, मंग तपकिरी, मंग काळा. हा गुलाबीपणा ध्यानात ठेवा, पुढं कामी येते.

म्हणजे इथं तीनच जागा आहेत अडवायच्या, हवा तोडा, एंझाइमले आंबट करून सुस्त करा, नाहीतर उकळून मारून टाका.

हवा तोडायची म्हणजे काप सरळ पाण्यात पडला पाहिजे. परातीत ढीग करून मंग पाण्यात टाकणे हे उशिराचं काम आहे, तोवर रंग सुरू झालेला असते. अन् पाण्यावर तरंगणारे काप काळे होतातच, वरून एक ताट उपडं ठेवा म्हणजे सगळे बुडून राहतात. लग्नाच्या पंगतीले आलू-वांग्याच्या भाजीचे वांगे रात्रीच कापायचे असतात तेव्हा हे ताट सगळ्यात जास्त कामाचं. पाण्यात लिटरमागं एक मोठा चमचा मीठ टाका, मिठानं पण हे एंझाइम मंद होते. लोखंडी पावशीनं वांगं चिरलं तर कडा हिरवट-काळ्या होतात, कारण वांग्यातलं क्लोरोजेनिक आम्ल लोखंडाशी जुळते, तो डाग मिठाच्या पाण्यानं काही जात नाही. स्टीलची सुरी घ्या अन् धार चांगली ठेवा, बोथट सुरी पेशी जास्त चिरडते.

आंबटाचं असं आहे की हे एंझाइम ५ ते ७ सामूवर मजेत चालते अन् ३ च्या खाली जवळजवळ थांबते. सामू म्हणजे पीएच, माती परीक्षणाच्या कागदावर लिहून येते तोच, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास असते म्हणून तो चालते, शिवाय त्यातलं क जीवनसत्त्व क्विनोनले परत मागं फिरवते, रंग होऊच देत नाही जोपर्यंत ते स्वतः संपत नाही तोपर्यंत. संत्र्याची फोड सोलून तासभर ठेवली तरी काळी होत नाही त्यात या दोन्हीचा हात आहे. फ्रूट सॅलडमधल्या सफरचंद-केळावर नागपुरी संत्र्याचा रस शिंपडला तर चव पण बिघडत नाही अन् रंग पण बराच टिकते, पण लिंबाइतका जोर त्यात नाही.

आता आमच्या भागाचं एक वेगळंच आहे जे बाहेरचं कोणी सांगत नाही. मी दर्यापूरकडची, आमचा खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा असा पसरलेला. बोअरचं पाणी खारं अन् वरून सोड्यासारखं असते. त्या पाण्यात एक लिंबू पिळलं तर त्याचा बराचसा आंबटपणा पाण्यातलेच क्षार खाऊन टाकतात, आलूपर्यंत काही पोचतच नाही. म्हणून पुण्याच्या ताईच्या व्हिडिओत लिटरभर पाण्याले एक लिंबू पुरलं अन् तुमच्याकडं नाही पुरलं तर तुमचं काही चुकलं नाही. पाणी जीभेवर ठेवून पाहा, आंबट लागलं पाहिजे. नाही लागलं तर लिंबू वाढवा नाहीतर भिजवायले फिल्टरचं नाहीतर नळ योजनेचं पाणी घ्या. तुरटीचं पण हेच, तुरटीनं पाणी आंबट होते अन् काप जरा कडक राहतात, म्हणून आपल्या आज्या ती वापरत आल्या, पण चिमूटभरच, जास्त झाली की चिप्स तुरट लागतात.

रसवंतीचा रस पण याच कारणानं काळवंडतो, उसातले फेनॉल अन् तेच एंझाइम, वरून लोखंडी घाणा. म्हणून त्यात लिंबू, आलं अन् बर्फ. बर्फानं एंझाइम फक्त मंद होते, मरत नाही, त्यामुळं घरी न्यायचा रस लगेच पिऊन टाका.

उकडताना काय बिघडतं

चिप्सचा खरा निकाल इथं लागते. पातळ काप खळखळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं राहिला की एंझाइम मरते अन् मंग तो काप दिवसभर उघडा ठेवा, कापल्याचा काळेपणा येत नाही. तरी बहुतेक जणींचे चिप्स इथंच बिघडतात, अन् कारण एकच दिसते, गंज (पातेलं) लहान अन् काप जास्त. पाणी उकळलं म्हणून परातभर काप एकदम ओतले की पाणी थंड पडते, कोमट होते, अन् कोमट पाण्यात हे एंझाइम थंड पाण्यापेक्षा जोरात काम करते. म्हणजे मारायले नेलं अन् उलट जोर दिला. किलोभर कापाले निदान चार-पाच लिटर पाणी पाहिजे, जाळ मोठा पाहिजे, अन् टाकल्यावर पाणी दोन-तीन मिनिटांत परत उकळायले लागलं पाहिजे. नाही लागलं तर घाण्या लहान करा, चूल तीच राहू द्या. काप वाकवून पाहा, वाकला पण तुटला नाही म्हणजे झालं.

खात्री करायची असंल तर उकडलेला एक काप मधून तोडा अन् ताटलीत वीस मिनिटं ठेवा. मधात गुलाबी-तपकिरी झालं तर एंझाइम जिवंत आहे, पुढच्या घाणीले एक मिनिट वाढवा.

पण मधात निळसर-राखाडी झालं तर थांबा, ते दुसरं दुखणं आहे. ते आलू उकडून थंड झाल्यावर येते, आख्खा उकडलेला असला तरी येते, अन् बहुतेक देठाच्या बाजूनं जास्त. यात एंझाइमचा काही संबंध नाही. आलूतलं लोह अन् क्लोरोजेनिक आम्ल उकळताना जुळतात अन् हवा लागली की निळा-काळा रंग दिसते. जितकं आलूत सायट्रिक आम्ल कमी तितका हा रंग जास्त, म्हणून लिंबू इथं पण चालते, पण वेळ वेगळी. आलू अर्धा शिजला की मंग उकळत्या पाण्यात लिंबू पिळा, सुरुवातीलेच टाकलं तर आंबटानं आलू लवकर शिजत नाही, कडक राहते. बोअरच्या पाण्यात लोह असंल, म्हणजे बादलीले लाल थर बसत असंल, तर त्या पाण्यात उकडू नका, अन् लोखंडी कढईत तर नाहीच.

अन् आलू कापल्याबरोबर, म्हणजे कापायच्या आधीपासूनच, मधोमध काळा डाग असंल तर त्याले काहीच इलाज नाही. बंद ट्रकमध्ये, नाहीतर पत्र्याच्या गोदामात उन्हाळ्यात ढीग मारून ठेवलेला आलू आतून गुदमरते, ऑक्सिजन पोचत नाही अन् गाभा मरते. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते तेव्हा हे होणारच. आलूचा कट्टा (पोतं) घेताना दोन-तीन आलू कापून पाहू देत असंल त्याच दुकानातून घ्या.

वाळताना अन् तळताना

उकडणं नीट झालं असंल तर वाळताना आपल्या उन्हात काही बिघडत नाही. फक्त पहाटेच उकडून घ्या म्हणजे पूर्ण दिवसाचं ऊन मिळते, एकावर एक काप नको, अन् आभाळ आलं, अवकाळीचा अंदाज असला तर तो दिवस सोडून द्या. ओले काप रात्रभर घरात राहिले की बुरशीचे ठिपके येतात, त्याले लोक काळे पडले म्हणतात, ते काढून टाकायचेच.

आता तळतानाचं. चिप्स पांढरे शुभ्र वाळले, डब्यात भरले, पाहुण्यासमोर तळायले घेतले अन् तेलात टाकल्या टाकल्या तपकिरी, चव कडवट. इथं लिंबू-तुरटीवाले हारतात, कारण हा दोष आलूतल्या साखरेचा आहे. साखर अन् प्रथिनांचे अमिनो आम्ल गरम झाले की तपकिरी होतात, १९१२ मध्ये लुई कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हे मांडलं म्हणून याले मेयार अभिक्रिया म्हणतात. साधारण १४० अंशाच्या पुढं ती जोरात चालते. भाकरीचे डाग, भाजलेले शेंगदाणे, गोवरीवरच्या रोडग्याची खरपूस साल, हे सगळं तिचंच, तिथं ती आपल्याले हवी असते. चिप्समध्ये नको असते.

आलूत साखर कुठून येते? थंडीतून. कोल्ड स्टोरेजमध्ये खायचा आलू २ ते ४ अंशावर ठेवतात म्हणजे कोंब येत नाही, पण इतक्या थंडीत आलूतल्या स्टार्चची साखर व्हायले लागते. चिप्सच्या कंपन्या म्हणून त्यांचा आलू १०-१२ अंशावर ठेवतात. घरच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या आलूचं पण हेच होते, तर आलू फ्रिजमध्ये ठेवूच नका. पुस्तकात लिहिलेलं असते की असा आलू दोन-तीन आठवडे १५-२० अंशावर ठेवला की साखर कमी होते, बरोबर आहे, पण एप्रिलमध्ये आपल्या घरात १५-२० अंश आणायचे कुठून? आपल्याकडं तो नुसता सडते.

म्हणून माझं ठाम मत आहे, चिप्स करायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा आलू बाजारात येते तेव्हाच करा, परीक्षा संपू दे, पोरं येऊ दे म्हणून मे पर्यंत थांबू नका. नवा पण पिकलेला पाहिजे, अंगठ्यानं घासलं की साल निघून येते तो कोवळा असते, त्यात पण साखर जास्त. जात विचारा. कुफरी पुखराज भाजीले ठीक, चिप्सले बरा नाही, पाणी जास्त असते. कुफरी चिपसोना भेटला तर सोडू नका, शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं तो याच कामासाठी काढला आहे. अन् जात कळत नसंल तर सगळ्यात सोपी परीक्षा, आधी किलोभर आणा, एक काप पुसून तेलात टाका. कुरकुरीत व्हायच्या आधीच तपकिरी झाला तर तो कट्टा घेऊ नका. मेडिकलमध्ये लघवीतली साखर पाहायच्या पट्ट्या भेटतात, कापलेल्या आलूवर पट्टी दाबली तर तिच्यावर पण रंग येते, विकायसाठी क्विंटलनं माल करणाऱ्या गटांनी हे करून पाहावं.

घेतलेलाच असंल असा गोड आलू तर काप कापल्यावर पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा धुवा, अन् उकडायचं पाणी दोन-तीन घाण्यांनी बदला, साखर पाण्यात उतरते. पूर्ण जात नाही, फरक पडते. तळताना तेलातून धूर नको, काप टाकला अन् वर आला की लगेच काढा. सोनेरीच्या पुढं नेऊ नका, हे फक्त रंगासाठी सांगत नाही. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की तळलेल्या-भाजलेल्या पिठूळ पदार्थात याच अभिक्रियेतून ॲक्रिलामाइड तयार होते, जितका जास्त तपकिरी तितकं जास्त, अन् ते कर्करोगाच्या दृष्टीनं संशयित आहे. लहान पोरांच्या ताटात करपलेले चिप्स टाकू नका.

काही जणी केएमएस पावडर विचारतात, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, एक सल्फाइटच. मोठ्या कारखान्यात सल्फाइट वापरतात, त्यानं रंग राहते हे खरं, पण त्याची मर्यादा ठरलेली असते, वेष्टनावर लिहावं लागते अन् दम्याच्या माणसाले त्यानं त्रास होऊ शकते. घरगुती मालात अंदाजानं टाकायची ती वस्तू नाही.

बाकीचं पटकन सांगते. केळ फ्रिजमध्ये काळं पडते कारण १३ अंशाच्या खाली त्याची साल मरते, आतलं केळ बहुतेक चांगलं असते. वांगं १० अंशाच्या खाली बरेच दिवस राहिलं की बिया अन् गर तपकिरी होते, वांगी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवा. गूळ पावसाळ्यात ओल धरते अन् हळूहळू काळा होते, तीच मेयार अभिक्रिया, फक्त महिन्यांच्या वेगानं, तर मृग लागायच्या आधी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

झाडाची पानं तपकिरी

झाडात पण शेवटचा रंग बराचसा त्याच एंझाइमचा. पेशी मेली, कप्पे फुटले, तपकिरी झालं. म्हणून एक गोष्ट आधीच समजून घ्या, तपकिरी झालेलं पान परत हिरवं होत नाही. औषध मारल्यावर त्याच पानाकडं पाहून फरक पडला का नाही ठरवू नका, नवीन पानाकडं पाहा.

इथं प्रश्न कधी सोबत कुठं असा पण विचारायचा. पानाच्या टोकापासून अन् कडेनं वाळत येते, कुंडीच्या मातीवर पांढरा थर आहे, तर ते क्षार आहेत. खारपाणपट्ट्यात तुळस, मोगरा, जास्वंद सगळ्यांचं हेच रडगाणं. रोज वाटीभर पाणी टाकल्यानं तर क्षार साचतच जातात. पांढरा थर खरवडून काढा, कुंडीच्या भोकातून पाणी वाहून जाईल इतकं एकदाच भरपूर गोडं पाणी द्या, पावसाचं असलं तर उत्तम, अन् मंग माती वरून सुकल्यावरच परत. खताचा हात काही दिवस आवरा. जुन्या, खालच्याच पानांच्या कडा जळत असतील अन् पाणी गोडं असंल तर पालाश (पोटॅश) कमी आहे का पाहा. एकाच बाजूनं, दुपारच्या उन्हाकडून चट्टे असतील तर ऊन लागलं, हिरवी नेट बांधा. गोल ठिपके, भोवती पिवळी कडी, रोज वाढतात, शेजारच्या झाडावर जातात, तर बुरशी, ती पानं तोडून जाळा अन् संध्याकाळी पानावर पाणी मारणं बंद करा.

कपाशीचा लाल्या हा वेगळा विषय आहे पण दरसाल विचारतात म्हणून लिहिते. पान आधी लाल होते, तो अँथोसायनिन नावाच्या लाल द्रव्याचा रंग, मंग तपकिरी होऊन गळते. बोंडं भरायच्या वेळी, रात्री थंड पडायले लागल्या की मॅग्नेशियम अन् नत्र कमी पडलेल्या झाडावर येते, जमीन खूप ओली नाहीतर खूप कोरडी असली तरी येते. पण फवारायच्या आधी पान उलटं करून पाहा. कडा खाली वळल्या असतील अन् मागं हिरवट बारीक किडे तिरपे-तिरपे पळत असतील तर ते तुडतुडे आहेत, तिथं मॅग्नेशियम मारून पैसे वाया जातात. तुडतुडे नसतील तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट अन् १०० ग्रॅम युरिया, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. डीएपी खत मारायचं असंल तर वेगळ्या दिवशी मारा, मॅग्नेशियमसोबत एका पंपात टाकलं की तळाशी साका बसते.

संत्र्याच्या बुडाशी साल तपकिरी होऊन चिरते अन् डिंक गळते, तो डिंक्या, फायटोप्थोरा बुरशीचा. ती पाण्यातून पसरते, तर खोडाले पाणी लागूच देऊ नका, दुहेरी आळं करा म्हणजे पाणी बाहेरच्या गोलात राहते. सडलेली साल धारदार चाकूनं खरवडा, खरवडलेलं बागेत टाकू नका, जाळा, अन् बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मंग एकत्र. लोखंडी खिळा बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. पावसाळ्याआधी एकदा अन् नंतर एकदा, जमिनीपासून मीटरभर उंच. पावसाळ्यात जमिनीले टेकलेली फळं तपकिरी होऊन गळतात ती पण याच बुरशीनं, म्हणून खालच्या फांद्यांले बांबूचा टेकू द्या अन् गळलेलं फळ झाडाखाली पडू देऊ नका, त्याच दिवशी वेचून खड्ड्यात पुरा.